जुने भिंग आणि जुना रस्ता : पाठचिकित्सेच्या दृष्टीने एक विचार

गेल्या पंधरा-सोळा वर्षांत छायाचित्रणाच्या क्षेत्रात एक लक्षणीय प्रकार रूढ झाला आहे. साधारणतः १९३० ते १९८० या काळात घडविलेली, ज्यांचा फोकस आणि ज्यांचे छिद्र ही दोन्ही हाताने फिरवून लावावी लागतात अशी भिंगे शोधून आणावयाची, ती आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसवावयाची, आणि जुन्या नगरांच्या गल्ल्याबोळांतून हिंडून छायाचित्रे घ्यावयाची, असा हा प्रकार होय. तो शक्य होण्यास एक यांत्रिक कारण घडले. २००८ पासून भिंग बदलता येणारे, परंतु आत आरसा नसलेले डिजिटल कॅमेरे बाजारात आले. आरसा गेल्यामुळे भिंगाची बैठक आणि प्रतिमा ग्रहण करणारा पृष्ठभाग यांच्यामधील अंतर पुष्कळच कमी झाले. एम-४२ या जातीच्या आटेदार भिंगाला हे अंतर सुमारे ४५.५ मिलिमीटर लागते. आजच्या एका प्रचलित जातीच्या कॅमेऱ्यात ते अवघे १८ मिलिमीटर असते. उरलेली जागा एका पोकळ धातूच्या कड्याने भरून काढली की साठ वर्षांपूर्वीचे भिंग आजच्या कॅमेऱ्याशी बिनतक्रार नांदू लागते.

या छायाचित्रकारांचा आवडता विषय म्हणजे ऐतिहासिक शहर. प्राग, लिस्बन, पणजीचे फोंतेन्हास, वाईचा घाट, पुण्याच्या पेठा अशा ठिकाणी ही मंडळी विशेष रमतात. त्यांच्या बोलण्यात एक विधान वारंवार येते : जुन्या शहराला जुनेच भिंग न्याय देऊ शकते, नव्या भिंगाचे चित्र अतिरेखीव आणि निर्जीव वाटते, जुन्या भिंगाच्या चित्रात मात्र त्या शहराचा आत्मा उतरतो. हे विधान ऐकावयास गोड आहे, आणि त्यात सत्याचा काही अंशही आहे. परंतु ते कोणत्या अर्थाने खरे आणि कोणत्या अर्थाने खोटे आहे, याची कोणी फारशी छाननी केलेली दिसत नाही. ती करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र असल्याने ही चर्चा काहींना अनधिकाराची वाटण्याचा संभव आहे. परंतु प्रतिकृतीत मुळाचे किती आणि प्रत करणाऱ्याचे किती, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाला नवा नाही. पाठचिकित्सा म्हणतात ती याच प्रश्नातून जन्मास आली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेले आणि १९६६ मध्ये पूर्णतेस नेलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य हे या शास्त्राचे आपल्या अगदी उंबरठ्यावरचे उदाहरण होय. शेकडो हस्तलिखिते समोर मांडून त्या संपादकांनी पदोपदी एकच विवेक केला : हा शब्द ग्रंथाचा, की लेखनिकाच्या हाताचा? लेखनिकाच्या हातून झालेली चूक पाचशे वर्षांची जुनी असली, म्हणून ती ग्रंथकाराची ठरत नाही. छायाचित्रात रस्ता हा ग्रंथ आहे आणि भिंग हा लेखनिक आहे, असे मानून पाहिले तर पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

प्रथम या लेखनिकाचे हस्तदोष कोणते ते पाहू. १८४० मध्ये व्हिएन्ना येथे योझेफ पेत्सव्हाल याने गणिताने आखलेले भिंग हे छायाचित्रणाच्या इतिहासातील एक महत्त्वाचे भिंग होय. त्या काळाच्या मानाने ते अतिशय प्रकाशग्राही होते. त्याने मध्यभागी चित्र रेखीव येई, परंतु कडांकडे ते विसविशीत होत जाई. व्यक्तिचित्रणासाठी हे चालण्यासारखे होते, कारण चेहरा मध्यावर असतो. पुढील शंभर वर्षांचा भिंगनिर्मितीचा इतिहास हा बव्हंशी या कडांच्या दोषाशी केलेल्या झुंजीचाच इतिहास आहे. १९०२ मध्ये झाइस या संस्थेत पाउल रुडोल्फ याने सिद्ध केलेले चार काचांचे टेसार आणि त्याच संस्थेचे पुढील काळातील बायोटार ही या झुंजीतील प्रसिद्ध नावे. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत रशियात बायोटारच्याच आराखड्यावरून ‘हेलिओस-४४’ हे भिंग मोठ्या संख्येने तयार झाले. त्याचे केंद्रांतर ५८ मिलिमीटर आणि सर्वांत मोठे छिद्र एफ/२. आज जुन्या भिंगांच्या शौकिनांमध्ये त्याच्याइतके लोकप्रिय भिंग क्वचितच दुसरे असेल.

ही लोकप्रियता त्याच्या एका दोषामुळे आहे. छिद्र पूर्ण उघडले असता तिरप्या येणाऱ्या किरणांचा काही भाग भिंगाच्याच पुढच्या-मागच्या कडांनी अडविला जातो. त्यामुळे फोकसबाहेरचे प्रकाशाचे ठिपके मध्यावर वाटोळे, पण कडांकडे लिंबासारखे निमुळते उमटतात, आणि मागे झाडाची पाने असली तर ती चित्राच्या मध्याभोवती भोवऱ्यासारखी फिरत असल्याचा भास होतो. शिवाय अशा भिंगांच्या काचेवर परावर्तन रोखणारा लेप असलाच तर बहुधा एकेरी असतो. उजेड समोरून आला की सगळ्या चित्रावर एक दुधी पदर पसरतो आणि काळोख करडा होतो. हा भोवरा आणि हा दुधी पदर मिळून जे रसायन होते, त्यालाच पुष्कळ वेळा ‘जुन्या शहराचा आत्मा’ असे नाव मिळते.

हे नाव योग्य आहे काय? भाषाशास्त्रात एक साधी कसोटी आहे. ‘काळ’ आणि ‘गाळ’ या दोन शब्दांत एकच ध्वनी बदलला आणि अर्थ पालटला. त्यावरून क् आणि ग् हा भेद मराठीत अर्थवाहक आहे, असे आपण ठरवितो. बाकी सर्व तसेच ठेवून एक घटक बदलावयाचा आणि काय पालटते ते पाहावयाचे, असे या कसोटीचे स्वरूप आहे. प्रस्तुत लेखकाने ती येथे लावून पाहिली. कसबा पेठेतील तांबट आळीत, सुमारे ३ मीटरवर ठेवलेल्या एका तांब्याच्या हंड्यावर फोकस करून, हेलिओसचे छिद्र पूर्ण उघडे ठेवून एक छायाचित्र घेतले. नंतर त्याच भिंगाने, त्याच अंतरावरून, उपनगरातील अलीकडेच बांधलेल्या सिमेंटच्या इमारतीच्या फाटकाशी ठेवलेल्या एका कुंडीचे छायाचित्र घेतले. दोन्ही चित्रे काही सहकाऱ्यांना दाखविली. पहिल्याविषयी सर्वांचा अभिप्राय पडला, “अगदी जुने पुणे!” दुसऱ्याविषयीही बहुतेकांचा अभिप्राय तोच पडला. रस्ता बदलला, तरी जुनेपणा बदलला नाही. तेव्हा तो जुनेपणा रस्त्याचा नव्हता हे उघड आहे. तो लेखनिकाच्या हाताचा होता.

त्यातही पहिल्या चित्रात जे हरवले त्याचा हिशेब मांडला पाहिजे. ५८ मिलिमीटरचे भिंग एफ/२ वर ३ मीटरवर लावले असता जो भाग समाधानकारक रेखीव येतो त्याची खोली जेमतेम एक फूट भरते. हंडा स्पष्ट आला. पण त्याच्यामागचा लाकडी खांब, खांबावरचा कोरीव हस्त, दाराची कडी, ओटा, पलीकडच्या दुकानाची पाटी ही सारी त्या भोवऱ्यात विरघळून गेली. तांबट आळी ती तांबट आळी कशाने असते? एका हंड्याने नव्हे. ओटा, खांब, अरुंद बोळ आणि त्यात बसून काम करणारी माणसे यांच्या परस्परसंबंधाने ती तांबट आळी असते. व्यक्तिचित्रात पार्श्वभूमी पुसली तर व्यक्ती उरते. रस्त्याच्या चित्रात पार्श्वभूमी पुसली तर विषयच उरत नाही. छिद्र एफ/८ पर्यंत आवळले की त्याच भिंगाची हीच खोली जवळजवळ साडेचार फुटांची होते, भोवरा नाहीसा होतो आणि कडा सावरतात. फोकस सुमारे १४ मीटरवर लावला तर ७ मीटरपासून क्षितिजापर्यंत सर्व रेखीव येते. म्हणजे रस्ता लिहून घेण्याची या भिंगाची पात्रता आहे. ती आपण वापरीत नाही, एवढेच.

येथे असा आक्षेप येईल की, पूर्वीच्या थोर छायाचित्रकारांनीही अशीच जुनी साधने वापरली आणि त्यांच्या चित्रांत शहराचा आत्मा उतरला. हा आक्षेप तपासण्यास पॅरिससारखे दुसरे उदाहरण नाही. कारण जुने शहर नाहीसे होत असताना ते पद्धतशीरपणे टिपून ठेवण्याचे काम तेथे फार लवकर आणि फार मोठ्या प्रमाणावर झाले. शार्ल मारव्हिल याला १८६० नंतरच्या दशकात पॅरिसच्या नगरपालिकेने, ओसमानच्या नगररचनेत जमीनदोस्त व्हावयाचे जुने रस्ते टिपण्याचे काम सोपविले. त्याने अशा रस्त्यांची चारशेहून अधिक चित्रे ओल्या कोलोडियनच्या काचांवर घेतली. त्यांत फरसबंदीचा दगड न् दगड आणि भिंतीवरच्या जाहिरातीचे अक्षर न् अक्षर वाचता येते. त्याचे भिंग आज जुने आहे. त्या वेळी ते जुने नव्हते. त्याच्या साधनाकडून जास्तीत जास्त जे वदवून घेता येत होते, ते त्याने वदवून घेतले.

त्याच्यानंतरचा अझेन आत्झे (१८५७–१९२७) याचे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. आत्झे हा पूर्वाश्रमीचा नट. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याने जुन्या पॅरिसची छायाचित्रे घेण्याचे व्रत घेतले आणि तीस वर्षे चालविले. चित्रकारांना उपयोगी पडणारे दस्तऐवज पुरविणारा, अशी स्वतःची ओळख त्याने दारावरच्या पाटीवर दिली होती. १८ × २४ सेंटिमीटरच्या काचा, भाता असलेला लाकडी कॅमेरा आणि तिवई हे त्याचे सामान होते. १९२५ मध्ये हातात मावणारा लायका बाजारात आला, तरी त्याने आपले जड ओझे सोडले नाही. म्हणजे आपल्या उत्तरायुष्यात आत्झे हा खरोखरच जुन्या साधनाने जुने शहर टिपणारा छायाचित्रकार होता. त्याच्या पुष्कळ चित्रांचे वरचे दोन कोपरे काळवंडलेले आणि कमानीसारखे गोलावलेले दिसतात. त्याचे कारण असे की, उंच इमारत सरळ उभी दिसावी म्हणून तो कॅमेरा वर न कलवता भिंगच वर सरकवीत असे. ते फार वर गेले म्हणजे भिंगाने पाडलेले प्रकाशवर्तुळ काचेच्या कोपऱ्यापर्यंत पुरत नसे. आज हा काळा कोपरा संगणकाच्या साहाय्याने मुद्दाम काढतात, जुनेपणाची खूण म्हणून. आत्झेच्या दृष्टीने ती खूण नव्हती. छपराची कड चित्रात यावी म्हणून त्याने पत्करलेले ते नुकसान होते.

त्याच्या रस्त्यांच्या निर्जनतेविषयीही असेच म्हणता येईल. वाल्टर बेन्यामीन याने १९३१ च्या छायाचित्रणावरील निबंधात या निर्जनतेला मोठा अर्थ दिला, आणि तो अर्थ आज सर्वमान्य झाला आहे. परंतु ती निर्जनता काही अंशी पहाटे काम करण्याच्या रीतीतून आली आणि काही अंशी दीर्घ प्रकाशनकाळातून आली. चालता माणूस त्या काळात काचेवर ठरत नसे, फार तर एखादी पुसट छाया उरे. बेन्यामीनचा अर्थ यामुळे खोटा ठरत नाही. मात्र ग्रंथकाराचे आणि लेखनिकाचे येथे कोठे मिसळले आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच तो अर्थ जपून वापरता येतो. तात्पर्य, मारव्हिल काय किंवा आत्झे काय, जुन्यांची खरी रीत साधनाच्या दोषावर मात करण्याची होती. दोषाचे प्रदर्शन करण्याची नव्हती. छिद्र सताड उघडून भोवरा मिरविणारा आजचा छायाचित्रकार परंपरेचे नाव घेतो, पण चालतो परंपरेच्या उलट. ऐतिहासिक कादंबरीत बखरीतील चार शब्द शिंपडले म्हणजे शिवकाल अवतरत नाही. तसाच हाही एक आर्षतेचा आव आहे.

इतके म्हटल्यानंतर जुन्या भिंगाच्या बाजूनेही बोलणे न्यायाचे होईल. कारण त्याच्या बाजूने दोन गोष्टी आहेत, आणि त्या दोन्ही त्याच्या चाहत्यांच्या तोंडी क्वचितच येतात.

पहिली गोष्ट अशी की, नवे भिंग निर्दोष आहे ही समजूत चुकीची आहे. आजच्या अनेक भिंगांची वक्रता आणि कडांचा अंधार कॅमेऱ्यातील गणकयंत्र गुपचूप सुधारून घेते. खिशातील दूरध्वनीचा कॅमेरा तर त्याच्या पुष्कळ पुढे जातो. तो एका क्षणात अनेक प्रतिमा घेऊन त्यांची एक प्रतिमा करतो, सावली उजळतो, कडा धारदार करतो, विटेचा पोत गुळगुळीत करतो. पाठचिकित्सकांचा अनुभव असा आहे की, अडाणी पण प्रामाणिक लेखनिकापेक्षा विद्वान आणि सुधारक लेखनिक अधिक धोक्याचा. अडाण्याची चूक चूक म्हणून दिसते; विद्वानाची सुधारणा मूळ पाठासारखीच दिसते आणि मूळ पाठ कायमचा लोपतो. जुने भिंग हा अडाणी, पण प्रामाणिक लेखनिक आहे. त्याच्या चुका नियमित आहेत, उघड आहेत आणि छिद्र आवळून पुष्कळ अंशी टाळता येण्याजोग्या आहेत. ज्याला रस्त्याची साक्ष हवी आहे त्याने जुने भिंग जवळ करावे, ते या कारणासाठी.

दुसरी गोष्ट हाताची आहे. जुन्या भिंगाच्या नळीवर अंतराचे आकडे कोरलेले असतात, आणि प्रत्येक छिद्राला कोठपासून कोठपर्यंत रेखीव येईल हे दाखविणाऱ्या रेषाही असतात. ३५ मिलिमीटरचे भिंग एफ/८ वर ठेवून फोकस सुमारे ५ मीटरवर लावला की अडीच मीटरपासून पुढे सर्व रेखीव येते. मग बोळात शिरताना यंत्राकडे पाहण्याची गरज उरत नाही. परंतु त्याआधी हा बोळ किती रुंद, तो ओटा किती दूर, उन्हाची तिरीप कोठवर आली, याचा अंदाज छायाचित्रकाराला स्वतः करावा लागतो. हा अंदाज करता करता तो रस्ता वाचू लागतो. प्रस्तुत लेखकाला कसबा पेठेतील बोळांची रुंदी, त्यांची वळणे आणि जोत्यांची उंची ही या भिंगाच्या आकड्यांनी शिकविली, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. स्वयंचलित भिंगाने ती शिकविली नव्हती, कारण त्याने कधी विचारलेच नव्हते.

आता शेवटचा आणि सर्वांत निकडीचा मुद्दा. आपल्याकडील हस्तलिखितांच्या अखेरीस पुष्पिका असते. ग्रंथ कोणता, लिहिला कोणी, कोठे, कोणत्या शकात, हे तीत नोंदलेले असते. पुष्पिका हरवलेले हस्तलिखित अर्धे मुके होते. आजचे डिजिटल छायाचित्रही आपल्यासोबत अशी एक पुष्पिका बाळगते. भिंग कोणते, केंद्रांतर किती, छिद्र किती, हे त्यात आपोआप नोंदले जाते. परंतु जुन्या भिंगाला विद्युत्-संपर्क नसतो, ते कॅमेऱ्याला काहीच सांगू शकत नाही. म्हणून भिंगाचे नाव आणि छिद्राचा आकडा या जागा अशा चित्रांत रिकाम्याच राहतात. जो दोष कोणता आणि कोणाचा हे सांगावयास हवे, त्याचीच नोंद नेमकी गळते. आत्झे आपल्या काचांवर क्रमांक कोरीत असे आणि ठशांवर रस्त्याचे नाव लिहीत असे. १९२० मध्ये त्याने २,६२१ काचा फ्रेंच शासनाला विकल्या. त्या आज अभ्यासकांच्या कामी येतात याचे श्रेय या क्रमांकांना आणि नावांनाही आहे.

हा केवळ विद्वत्तेचा काथ्याकूट नव्हे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठांतील कित्येक जुने वाडे एका दिवसात भुईसपाट झाले. प्रस्तुत लेखकाच्या आजोळच्या संग्रहात त्यापूर्वीचे एक छायाचित्र आहे. साध्या पेटी-कॅमेऱ्याने घेतलेले. त्या कॅमेऱ्याचे छिद्र लहान आणि कायमचे, त्यामुळे पुढचे-मागचे सारे बऱ्यापैकी स्पष्ट आले आहे. पायरीवर चार मुली ओळीने उभ्या आहेत. मागे दिंडीदरवाजा, त्याचे लोखंडी फूल, उजवीकडे कमानीचा एक तुकडा आणि बोळाचे वळण. घेणाऱ्याने ते मुलींसाठी घेतले. मुली आज नाहीत, वाडाही नाही, आणि जी पार्श्वभूमी म्हणून सहज आली होती तीच आज त्या चित्राचा विषय होऊन बसली आहे. त्या कॅमेऱ्याचे भिंग मोठे आणि उघडे असते, तर मुलींचे चेहरे उरले असते आणि वाडा धुक्यात गेला असता. परंतु चित्राची पाठ कोरी आहे. वाडा कोणाचा, बोळ कोणता, हे सांगणारे कोणीही आता उरलेले नाही. लेखनिकाने आपले काम केले; पुष्पिका लिहावयाची ती आपण लिहिली नाही.

आज पुण्याच्या पेठांतील वाडे पुराशिवायच पडत आहेत. त्यांच्या जागी इमारती उठत आहेत, आणि राहणाऱ्यांच्या सोयीचा विचार करता त्याला सरसकट नावे ठेवणे बरोबर होणार नाही. परंतु जे जाणार ते निदान वाचता येईल अशा अक्षरात लिहून ठेवणे आपल्या हाती आहे. ज्यांच्याजवळ जुनी भिंगे आहेत आणि ती हाताळण्याची हौस आहे, त्यांच्याइतके या कामास योग्य दुसरे कोणी नाही. त्यांना अंतर मोजण्याची सवय आहे आणि थांबून पाहण्याची चिकाटी आहे. त्यांनी छिद्र एफ/८ वर आवळावे, पार्श्वभूमीला विषयाचा मान द्यावा, आणि घरी परतल्यावर प्रत्येक चित्रासोबत पेठ, बोळ, वाड्याचे नाव, तारीख, भिंग व छिद्र एवढी सहा पदांची पुष्पिका लिहावी. भोवऱ्याची हौस फिटवावयाची असेल तर त्यासाठी बागेतील झाडे पुष्कळ आहेत.